चष्मा आणि वही ही चैन नव्हे

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

खटला सुरूही झालेला नसताना माझे थोरले बंधू मराठवाड्यातील एका कारागृहात होते. दांडी मोडलेला चष्मा सुतळीने कानाला बांधून ते माझी पत्रे वाचत, आणि मी परभणीहून नेलेला नवा चष्मा दोन वेळा ‘परवानगी नाही’ एवढेच सांगून दारातूनच परत करण्यात आला. मोबाइल, रोकड, अमली पदार्थ आत जाऊ नयेत, याबद्दल दुमत नाही. पण चष्मा, वही, पेन, पुस्तके यांनी कोणती सुरक्षा धोक्यात येते? 2020 मध्ये तळोजा कारागृहात आदिवासींच्या हक्कांसाठी लढणारे वयोवृद्ध धर्मगुरू फादर स्टॅन स्वामी यांना, कंपवातामुळे पेला हातात धरता येत नसताना, स्ट्रॉ आणि सिपरसाठी न्यायालयात अर्ज करावा लागला, हे आठवले की आजही मन विषण्ण होते. वास्तविक कम्युनिस्ट नेते प्रभाकर संझगिरी यांनी स्थानबद्धतेत लिहिलेल्या अणुविज्ञानावरील मराठी पुस्तकाचे हस्तलिखित बाहेर पाठवू द्यावे, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने 1965 मध्येच दिला आहे. आत नेता येणाऱ्या वस्तूंची मराठी यादी प्रत्येक कारागृहाच्या दर्शनी भागात लावावी आणि वस्तू नाकारल्यास त्याचे कारण नातेवाइकांना लेखी द्यावे, अशी प्रशासनाला कळकळीची विनंती आहे.

आपला,
एक वाचक, परभणी