जे आजारी पडले नाहीत, त्यांनाही विचार

कोथरूड, पुणे
श्रावण, शनिवार रात्र

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

परवा तुझा फोन आला तेव्हा मी नमुन्यांचे डबे गाडीत ठेवत होतो, त्यामुळे धड बोलता आलं नाही. "वहिनीच्या बासुंदीनं घात केला, चाळीसेक माणसं आडवी झाली," एवढं तू म्हणालास आणि लगेच विचारलंस, "दूधच नासलं असणार ना?" मी हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. नागपूरला बसून तुला ते तुटक वाटलं असेल. उत्तर खरंच माझ्याजवळ नव्हतं, अजूनही नाही. पण ते कसं शोधायचं हे मला माहीत आहे, आणि त्यात तुझी मदत लागणार आहे. फोनवर हे सगळं मावणार नाही, म्हणून लिहायला बसलोय.

काल संध्याकाळी धायरीला दादांच्या नव्या घरी, गेल्या रविवारी जिथे वास्तुशांत झाली तिथे, जाऊन आलो. दारावरचं आंब्याच्या पानांचं तोरण वाळून गेलंय, कुणी काढलेलं नाही. वहिनी स्वयंपाकघरातून बाहेरच आल्या नाहीत. शेवटी मीच आत जाऊन ओट्यापाशी स्टूल घेऊन बसलो. "काय चुकलं?" असं आम्ही कधी विचारत नाही. त्या प्रश्नानं माणूस एक तर गप्प होतो, नाही तर आपण बरोबरच होतो हे पटवायला लागतो. मी म्हटलं, "शनिवारी सकाळपासून सांगा, घाई नाही."

मग त्यांनी सगळं सांगितलं. पंधरा लिटर दूध. चार वाजता आटवायला घेतलं, ते नऊपर्यंत. लहान पातेल्यांत ओतून पंख्याखाली निववलं आणि अकराच्या आत अर्धं आपल्या, अर्धं शेजारच्या फ्रिजमध्ये ठेवलं. रविवारी दुपारी एकला पहिली पंगत. हे सांगताना त्यांचा आवाज दोनदा बसला. पाव्हण्यांपैकी कुणीतरी फोनवर त्यांना "दुधाचं काम ज्याला जमतं त्यानंच करावं" असं ऐकवलंय. ते ऐकून मला फार वाईट वाटलं, तुला सांगतो.

आता तुझ्या प्रश्नाकडे येतो. आमच्या साथीच्या तपासाच्या कामात जंतूच्या आधी घड्याळ बघतात. जेवण रविवारी दुपारी एकला. पहिला आजारी तुझा मामेभाऊ, सोमवारी दिवेलागणीला. बाकीचे बहुतेक सोमवारी रात्री ते मंगळवारी दुपारपर्यंत. म्हणजे मध्ये तीस ते अठ्ठेचाळीस तास गेले. दुधात, खव्यात, मलईत स्टॅफिलोकोकस या जंतूचं विष तयार झालेलं असतं, तर अर्ध्या तासापासून फार तर आठ तासांत उलट्या सुरू झाल्या असत्या. लोक पंगतीतून घरी पोचायच्या आतच आडवे झाले असते. सकाळचा भात उघडा राहून त्यात बॅसिलस सेरियस वाढला, तरी उलट्या एक ते सहा तासांत येतात. नोरोव्हायरसला बारा ते अठ्ठेचाळीस तास लागतात, साल्मोनेलाला सहा तासांपासून सहा दिवसांपर्यंत, कॅम्पायलोबॅक्टरला साधारण दोन ते पाच दिवस. "दूध नासलं" ही गोष्ट तीस तासांशी जुळत नाही. साल्मोनेला दुधातूनही येऊ शकतो, त्यामुळे बासुंदी पूर्ण सुटली असं मी म्हणणार नाही. पण तिच्याविरुद्धचा सगळ्यात मोठा पुरावा होता, "गोड होतं, दुधाचं होतं," तो घड्याळापुढे टिकत नाही.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची आहे. तू मला आजारी पडलेल्यांची नावं सांगितलीस. सगळ्यांनी बासुंदी खाल्ली होती म्हणालास. अरे, पण जे ठणठणीत आहेत त्यांनी काय खाल्लं? वास्तुशांतीला बासुंदी कोण सोडतं? सगळ्यांनीच खाल्लेली वस्तू आजाऱ्यांच्या यादीत सगळ्यात वर येणारच. पोळीही येईल, मीठही येईल.

आम्हाला शिकताना 1940 सालचं एक उदाहरण देतात. अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यातल्या ऑस्वेगो परगण्यात, एका खेड्यातल्या चर्चचं 18 एप्रिलचं रात्रीचं जेवण. गावातल्या बायांनी घरून पदार्थ करून आणलेले, आपल्याकडे भंडाऱ्याला आणतात तसे. त्याच रात्री लोक उलट्या करू लागले. 75 जणांना विचारलं, त्यांत 46 आजारी निघाले. हॅम, म्हणजे डुकराचं मांस, बहुतेकांनी खाल्लं होतं, म्हणून तोंडोतोंडी त्याचंच नाव झालं असतं. पण तपासणाऱ्यांनी प्रत्येक पदार्थाला दोन्ही बाजूंनी विचारलं: खाणाऱ्यांपैकी किती आजारी, न खाणाऱ्यांपैकी किती? व्हॅनिला आइस्क्रीम खाल्लेल्या 54 जणांपैकी 43 आजारी होते. न खाल्लेल्या 21 जणांपैकी फक्त 3. दुसऱ्या कुठल्याच पदार्थात एवढी दरी नव्हती. चॉकलेट आइस्क्रीमचं तर उलटंच निघालं, ते खाणारे कमी आजारी आणि न खाणारे जास्त. चॉकलेटमध्ये औषध नव्हतं काही. ज्यांनी चॉकलेट घेतलं त्यांतल्या पुष्कळांनी व्हॅनिला घेतलं नव्हतं, एवढंच. मी हा तक्ता पहिल्यांदा स्वतः मांडला तेव्हा कितीतरी वेळ बघत बसलो होतो. त्या 21 जणांनी, ज्यांतल्या फक्त तिघांना त्रास झाला होता, त्यांनीच उत्तर दिलं होतं.

आणि घाईनं बोट दाखवलं की काय होतं, ते 2011 साली जर्मनीत दिसलं. मे महिन्यात तिथे रक्ती जुलाबाची साथ आली, पुष्कळांच्या किडन्या गेल्या. जवळजवळ चार हजार माणसं आजारी पडली, पन्नासहून जास्त दगावली. सुरुवातीला काकडी, टोमॅटो, कोशिंबिरीचा पाला यांच्यावर संशय आला, आणि स्पेनहून आलेल्या काकडीचं नाव जाहीर झालं. तिथल्या शेतकऱ्यांनी उभं पीक फेकलं. काकडी निर्दोष होती. उत्तर सापडलं ते एका हॉटेलात जेवून गेलेल्या गटांमुळे. त्यांना "काय खाल्लंत?" विचारून भागत नव्हतं, म्हणून बिलं काढली, ताटांचे फोटो मागितले आणि स्वयंपाक्याला विचारलं की त्या पदार्थात तू काय काय घालतोस. ताटावर सजावटीला चिमूटभर मोड होते. लोक ते खाऊन विसरून गेले होते. ज्यांच्या ताटात मोड होते त्यांना आजाराचा धोका इतरांच्या चौदा पट होता. माग काढत गेल्यावर इजिप्तहून आलेलं मेथीचं बी निघालं. मेथी, मित्रा! आपण मोड आणून उसळ करतो ती. आपण शिजवतो, हा केवढा फरक आहे.

विसरतात ती वस्तू नेमकी बाजूची असते. म्हणून काल मी वहिनींना पदार्थांच्या यादीनंतर विचारलं, "आणि प्यायला?" पाण्याचे जार बाहेरून मागवलेले. मठ्ठा घरचा, पण त्यात घातलेला बर्फ विकत आणलेला, गोणपाटात गुंडाळून आलेली लादी. कोथिंबीर मठ्ठ्यात वरून, कच्ची. यातलं कुणीही तुला फोनवर सांगितलं नव्हतं, कारण पाणी आणि बर्फ ही जेवणात धरायची गोष्ट आहे असं कुणाला वाटत नाही.

बर्फच, असं मी म्हणत नाही. तसं म्हणालो तर माझ्यात आणि त्या पाव्हण्यांत फरक काय राहिला?

एक गोष्ट तुला दादांकडून कळण्याआधी मीच सांगतो. मी हे तिथल्या आरोग्य कार्यालयाला कळवलंय. दादांना ते आवडलं नाही. "घरचं कार्य, चारचौघांत अब्रू जाईल," म्हणाले. मी त्यांच्याशी बराच वेळ बोललो आणि तरीही कळवलं. तुझा मामेभाऊ कात्रजच्या डॉक्टरकडे गेला, आत्या धायरीच्या, तुझे दोन चुलते नागपुरात. प्रत्येक डॉक्टरला एकच जुलाबाचा रुग्ण दिसला, पावसाळ्यात तो रोजच दिसतो. ते सगळे एका पंगतीतले आहेत हे कुणालाच दिसलं नाही. 2004 साली आपल्याकडे रोग सर्वेक्षणाचा कार्यक्रम सुरू झाला तो याचसाठी. आरोग्यसेविका लक्षणं नोंदवतात, डॉक्टर त्यांचं अनुमान, प्रयोगशाळा खात्रीचं निदान, म्हणजे विखुरलेले ठिपके कुठेतरी एका कागदावर यावेत. घरचे लोक अब्रूसाठी गप्प बसले की पहिलाच ठिपका गळतो. तोच बर्फ उद्या दुसऱ्या मांडवात गेला तर?

जानेवारी 2025 तुला आठवत असेल. सिंहगड रोड, किरकटवाडी, नांदेड गाव, धायरी, हाच आपला पट्टा. चालती-बोलती माणसं पाय उचलेनात म्हणून रुग्णालयात येऊ लागली. गिया-बारे सिंड्रोम, जीबीएस. शरीराची संरक्षणव्यवस्थाच आपल्या नसांवर उलटते. दोनशेहून जास्त रुग्ण झाले. शौचाच्या काही नमुन्यांत कॅम्पायलोबॅक्टर जेजुनी सापडला, काहींत नोरोव्हायरस, आणि पाण्याकडे लक्ष गेलं. मी तेव्हा घरोघरच्या सर्वेक्षणात होतो. अवघड काय होतं सांगू? जंतू पोटात गेल्यानंतर एक ते तीन आठवड्यांनी पायांतलं बळ जातं. म्हणजे व्हेंटिलेटरवरच्या मुलाच्या आईला विचारायचं की तीन आठवड्यांपूर्वी याला जुलाब झाले होते का, कुठलं पाणी प्यायला, बाहेर काय खाल्लं. ती माउली आठवायचा प्रयत्न करत होती आणि मध्येच मला विचारत होती, "मीच दिलं का हो त्याला काही?" वहिनींचा कालचा चेहरा बघून मला तीच आठवली. साधा जुलाब म्हणून आपण सोडून देतो, तो सोडून देण्यासारखा नसतो, हे त्या महिन्यानं मला शिकवलं.

आज सकाळी पथक येऊन गेलं. इमारतीच्या टाकीच्या पाण्याची ओटी टेस्ट केली. थेंब टाकल्यावर पाणी पिवळं व्हायला हवं, म्हणजे त्यात क्लोरीन शिल्लक आहे. झालं नाही. पण शनिवारच्या पाण्याला गेल्या रविवारच्या पाण्याची साक्ष देता येत नाही. शिवाय वरच्या मजल्यावरची दोन कुटुंबं जेवायला नव्हती, तेच टाकीचं पाणी पितात आणि त्यांना काही झालेलं नाही. मी स्वतः त्यांची दारं वाजवून विचारलं. आत्या आणि मामेभाऊ यांना अजून त्रास आहे, त्यांचे शौचाचे नमुने घेतले. आत्यांनी अँटिबायोटिक सुरू केलंय, त्यामुळे जिवाणू उगवेलच असं नाही. औषधाआधी नमुना मिळाला असता तर बरं झालं असतं. मामेभावानं अजून काही घेतलेलं नाही. जिवाणूंसाठी एक नमुना कॅरी-ब्लेअरच्या नळीत (त्यातल्या द्रावणात जिवाणू वाटेत जिवंत राहतात), विषाणूसाठी दुसरा साध्या डबीत, दोन्ही बर्फाच्या पेटीतून गेले.

आता तुझं काम. जेवायला आलेल्या प्रत्येकाची यादी कर, आजारी असो वा नसो. नागपूरकडची आणि आजोळची माणसं आमच्या पथकाशी मोकळं बोलणार नाहीत, तुझ्याशी बोलतील. प्रत्येकाला तेच प्रश्न, त्याच क्रमानं विचार: कोणत्या पंगतीत बसलात, ताटातला एकेक पदार्थ घेतलात का, मठ्ठा घेतलात का, बर्फ घातलेला की बिनबर्फाचा, पाणी जारचं की घरून आणलेल्या बाटलीचं. त्रास झाला का, आणि झाला तर कुठल्या दिवशी, किती वाजता. रविवारच्या जेवणानंतर तीन दिवसांत एका दिवसात तीनदा किंवा जास्त पातळ जुलाब, किंवा एक तरी उलटी, एवढं झालं तरच "आजारी" लिही. "थोडं पोट बिघडल्यासारखं" वेगळ्या रकान्यात. कुणालाही "बासुंदी खाल्लीत ना?" असं विचारू नकोस. त्यात उत्तर आधीच घातलेलं असतं. तुझे मधुमेहवाले काका विशेष हवेत. त्यांनी बासुंदीला हात लावला नाही असं वहिनी म्हणतात, आणि ते मंगळवारी सलाईनवर होते असं तू म्हणालास. दोन्ही त्यांच्याच तोंडून ऐकायचंय. लहान मुलांचं त्यांच्या आयांना विचार. ज्यांच्या घरी जेवायला न आलेलं माणूस नंतर दोन-तीन दिवसांनी आजारी पडलं, तेही लिही, ते एकापासून दुसऱ्याला लागलेलं असू शकतं. मी इकडे चौकोनी कागदावर तासांचा आलेख मांडतो.

यादी मंगळवारपर्यंत पाठव. त्यापुढे लोकांना आठवत नाही, ते अंदाजानं सांगतात.

आणि आज रात्रीच वहिनींना फोन कर. बासुंदीबद्दल काही विचारू नकोस, नुसतं बोल.

एक सांगायचं राहिलं. अशा तपासात आम्ही पोचतो तोवर पातेली घासून पालथी घातलेली असतात. अन्नाचा नमुना मिळतच नाही. काल मी निघताना वहिनींनी फ्रीजर उघडला. तुला नागपूरला न्यायला म्हणून त्यांनी रविवारी सकाळीच बासुंदीचा एक डबा भरून ठेवला होता, वर कागदाच्या चिठ्ठीवर तुझं नाव. गाडीच्या गडबडीत तू तो विसरलास. त्या तो ओतून द्यायला निघाल्या होत्या. मी हात जोडून थांबवलं. गोठल्यानं काही जंतू मरतात, सगळे नाही, म्हणून तो आज बर्फात घालून राज्य आरोग्य प्रयोगशाळेकडे पाठवला. काही निघो वा न निघो, निदान बासुंदीला स्वतःची बाजू मांडता येईल. डबा स्टीलचा आहे, झाकणावर तुझ्या आईंचं नाव कोरलेलं. तपासणी झाली की तो परत मागून आणतो, असं मी वहिनींना सांगितलंय.

तुझा,
जुना बाकमित्र