डबीवर नाही, ते पत्रकावर आहे : गुजरातच्या आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र

मा. आरोग्यमंत्री, गुजरात राज्य, गांधीनगर

महोदय, सादर नमस्कार.

पत्र मराठीत लिहिते आहे, कारण ज्यांच्यासाठी लिहिते आहे त्या बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या बायका दुखणीखुपणी एकमेकींना मराठीतच सांगतात. गुजराती प्रत टपालाने पाठवली आहे.

माझ्या मावशीला स्तनाचा कॅन्सर आहे. तीन केमो झाल्या होत्या. चौथीच्या आधी ओळखीतल्या एक काकू घरी आल्या. मावशीच्या डोक्यावरचा रुमाल सारखा करत म्हणाल्या, "हे विष किती दिवस अंगात घालणार? रेशी मशरूम घ्या, गाठ आपोआप विरते." पोस्टातले अठरा हजार मोडून मावशीने दोन महिन्यांच्या कॅप्सूल घेतल्या आणि केमोला जायचं बंद केलं. आम्हाला कळलं तोवर सहा आठवडे गेले होते. त्या काकूंवर माझा राग नाही. त्या स्वतःही घेतात. कॅप्सूल विकणाऱ्यांच्या रविवारच्या मीटिंगमध्ये त्यांना जे सांगितलं ते त्यांनी खरं मानलं.

ती डबी माझ्याकडे आहे. मागे मुंगीएवढ्या इंग्रजी अक्षरांत छापलंय, 'औषधी वापरासाठी नाही'. मावशीला इंग्रजी वाचता येत नाही. डबीवर कॅन्सर हा शब्द कुठेही नाही. तो आहे डबीबरोबर हातात दिलेल्या गुजराती पत्रकावर, ठळक लाल अक्षरांत. तक्रार घेऊन गेले तिथे उत्तर मिळालं की माल खाद्यपदार्थ म्हणून विकला जातो आणि लेबल नियमात बसतं.

पण कायदा लेबलापाशी थांबत नाही. औषधे व जादूटोण्याचे उपाय यांच्या आक्षेपार्ह जाहिरातींचा १९५४ चा कायदा आहे. ज्या रोगांवर उपचाराची जाहिरात करता येत नाही त्यांच्या यादीत कॅन्सर आहे, आणि जाहिरात म्हणजे काय यात पत्रकही येतं, तोंडी केलेली घोषणाही येते. म्हणजे हॉलमधलं ते रविवारचं भाषणसुद्धा! शिवाय आपल्या राज्यात खाद्य आणि औषध या दोन्ही बाजू एकाच खात्याकडे आहेत. 'हे आमच्याकडे येत नाही' असं म्हणायला जागाच कुठे उरते?

मशरूममध्ये काहीच नाही असं मी म्हणत नाही. जपानमध्ये टर्की टेल आणि शिताके या मशरूमपासून काढलेली द्रव्यं औषध म्हणून वापरली गेली आहेत, पण केमोच्या जोडीने, केमोऐवजी नाही. रेशीच्या माणसांवर झालेल्या चाचण्या कोक्रेनने, म्हणजे उपचारांचे पुरावे एकत्र करून पारखणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेने, तपासल्या, २०१६ साली. हाताशी लागल्या पाच, रुग्ण ३७३. मुख्य उपचार म्हणून रेशी द्यावी एवढा पुरावा त्यांत मिळाला नाही. प्रयोगशाळेतल्या बशीत कॅन्सरच्या पेशी मरणं आणि बाईच्या छातीतली गाठ जाणं यांत फार अंतर आहे. त्यात रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर रेशीने रक्तस्रावाचा धोका वाढू शकतो. हे पत्रकावर नव्हतं.

मागणी एवढीच. आपले निरीक्षक दुकानातली डबी तपासतात, तसे त्या सभांना जाऊन बसू देत. पत्रकं जप्त होऊ देत, १९५४ च्या कायद्याखाली गुन्हे दाखल होऊ देत. आणि केमोच्या प्रत्येक वॉर्डात गुजराती, हिंदी, मराठीत एक फलक लावा : दुसरं काही घेत असाल तर डॉक्टरांना सांगा, कोणी रागावणार नाही. मावशीने सांगितलं नाही, कारण तिला डॉक्टर ओरडतील अशी भीती वाटत होती.

तिची केमो पुन्हा सुरू झाली आहे. डबी आणि पत्रक मी जपून ठेवलं आहे. माणूस पाठवा, त्याच्या हातात देईन.

आपली नम्र,
दांडिया बाजार, बडोद्याची एक रहिवासी