बिअरची पारख थंडाव्यावर नको

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीत जगातील नामवंत बिअर आणि एल (तुलनेने उबदार तापमानाला आंबवलेला बिअरचाच प्रकार) यांची जी यादी प्रसिद्ध झाली, ती मी मनापासून वाचली. निवड चांगली होती. मात्र प्रत्येक नावापुढे मद्यार्काचे प्रमाण आणि किंमत एवढेच दिले होते आणि या सर्व बिअर ‘शक्य तितक्या थंड’ घ्याव्यात, असा सल्ला लेखाच्या शेवटी होता. पुण्यातील बहुतेक बारमध्ये आणि घरांत हाच समज रूढ आहे आणि त्यापायी उत्तमोत्तम बिअर चव न कळताच पोटात जाते, म्हणून हे पत्र लिहीत आहे.

अतिथंड पेयाने जीभ बधिरते आणि माल्ट (मोड आणून वाळवलेले धान्य), हॉप्स (कडवटपणा देणारी वेलीची फुले) व यीस्ट (आंबवणारे सूक्ष्मजीव) यांच्यापासून आलेला सुवास नाकापर्यंत पोहोचतच नाही. ज्या पिल्सनरवरून आजची जवळपास सगळी फिकट सोनेरी बिअर बेतलेली आहे, ती बोहेमियातील (आजच्या चेक प्रजासत्ताकातील) प्लझेन गावी योझेफ ग्रोल या बव्हेरियन कारागिराने 1842 मध्ये प्रथम तयार केली. तिथले अत्यंत मृदू (क्षार कमी असलेले) पाणी, झाटेत्स भागातील सुगंधी हॉप्स आणि फिकट भाजलेले माल्ट यांचा मेळ जमला, म्हणून ती कडू असूनही बोचत नाही. चेक मंडळी ती साधारण 7 अंश सेल्सियसला, वर जाड ओलसर फेस ठेवून देतात. इंग्लंडची पिंपातली एल तर 11 ते 13 अंशांना प्यायची असते. ती पिंपातच दुसऱ्यांदा आंबते आणि बाहेरून वायू न दाबता हातपंपाने ग्लासात ओढली जाते. ही पद्धत लोप पावू नये म्हणून तिथल्या ग्राहकांनी 1971 मध्ये ‘कॅमरा’ (कॅम्पेन फॉर रिअल एल) ही संघटना उभी केली आणि ती आजही काम करते. ग्राहकांनी चवीसाठी एवढा आग्रह धरावा, याचे मला फार कौतुक वाटते.

आपल्याकडे मायक्रोब्रूअरीत (जागेवरच बिअर बनवून देणाऱ्या छोट्या ठिकाणी) सर्रास मिळणाऱ्या गव्हाच्या बिअरचे उदाहरण घेऊ. जर्मन धर्तीच्या या बिअरला पिकलेल्या केळ्याचा आणि लवंगेचा वास येतो. त्यात केळे किंवा लवंग घातलेली नसते; विशिष्ट जातीचे यीस्ट आंबवताना हे सुगंध स्वतःच निर्माण करते. फ्रीझरमधून काढलेल्या, बर्फाची पांढरी साय धरलेल्या ग्लासात ही बिअर ओतली की दोन्ही वास दबतात, फेस बेसुमार उसळतो आणि वितळलेल्या बर्फाचे पाणी तिच्यात मिसळते. त्याऐवजी उंच ग्लास साध्या पाण्याने विसळून घ्यावा, तो तिरका धरून बिअर सावकाश ओतावी, बाटलीत दोन बोटे बिअर उरली की बाटली हलकेच गोल फिरवावी आणि तळाचा यीस्टचा गाळ फेसासह वर घालावा. गढूळपणा हाच या बिअरचा गुण आहे. तो दोष समजून ग्लास परत पाठवणारे ग्राहक मी पाहिले आहेत.

मद्यार्काच्या प्रमाणावरून बिअर जोखणेही तितकेच फसवे आहे. डब्लिनमध्ये आर्थर गिनेसने 1759 मध्ये ज्या जागेचा भाडेपट्टा घेतला, तिथली प्रसिद्ध काळी स्टाउट अनेकांना जहाल वाटते. प्रत्यक्षात तिचा ड्राफ्ट प्रकार सुमारे 4.2 टक्क्यांचा, म्हणजे आपल्याकडच्या 5 ते 8 टक्क्यांच्या ‘स्ट्राँग’ बिअरहून सौम्य आहे. काळा रंग येतो तो करपवून भाजलेल्या जवामुळे.

सर्वांत कळीचा मुद्दा ताजेपणाचा आहे आणि यादीत त्याचा उल्लेखही नव्हता. थोडे अपवाद सोडले तर बिअर ही लोणच्यासारखी मुरणारी वस्तू नव्हे. ब्रुसेल्स परिसरात हवेतील यीस्टवर आंबणारी, लाकडी पिंपांत एक, दोन व तीन वर्षे ठेवलेली लॅम्बिक एकत्र करून बनवलेली आंबट ग्यूझ हा असा अपवाद आहे आणि मला ती विलक्षण आवडते. बाकीच्या बहुतेक बिअरमध्ये हॉप्सचा वास महिन्यागणिक ओसरतो आणि उष्णतेत ठेवल्यास चवीला ओल्या पुठ्ठ्यासारखी झाक येते. उजेड त्याहून घातक असतो. हॉप्समधील कडू द्रव्यांवर प्रखर ऊन पडले की काही मिनिटांतच उग्र, कुबट दर्प तयार होतो. तपकिरी काच हा उजेड बऱ्याच अंशी रोखते, हिरवी किंवा पारदर्शक काच फारसा रोखत नाही. असे असताना शहरातील एका मोठ्या दुकानात पश्चिमेकडील काचेच्या दर्शनी भागात, भर एप्रिलच्या उन्हात, हिरव्या बाटल्यांची आरास मांडलेली मी पाहिली. परदेशी बिअरसाठी दुप्पट-तिप्पट पैसे मोजणाऱ्या ग्राहकाच्या हाती तीच बाटली जाते आणि ‘या बिअरची चव अशीच असते’ असा समज तो घरी घेऊन जातो.

1820च्या दशकात बर्टन-अपॉन-ट्रेंटच्या ब्रूअरींनी भारताकडे पेल एल (फिकट रंगाची एल) पाठवायला सुरुवात केली, तेव्हा कित्येक महिन्यांचा समुद्रप्रवास सोसावा म्हणून तिच्यात हॉप्स भरपूर असत. आज त्याच घराण्यातील आयपीए (इंडिया पेल एल) आपल्याच शहरात तयार होते आणि थेट टाकीतून ग्लासात येते. मुंढव्यात किंवा बाणेरला जाऊन ती ताजी पिता येते, हे पुणेकरांचे भाग्यच म्हणायचे.

म्हणून माझी विनंती अशी की, दुकानदारांनी बिअर उन्हापासून दूर ठेवावी आणि बाटली भरल्याचा महिना मागताच दाखवावा. मायक्रोब्रूअरींनी फळ्यावर प्रकारासोबत ती टाकीतून कधी काढली आणि किती अंशांना दिली जाते हे लिहावे. आपणही पुढील यादी छापाल तेव्हा किमतीच्या रकान्याशेजारी तापमानाचा एक रकाना द्यावा. आणि राज्यात बिअरसाठी 21 वर्षे पूर्ण असण्याची अट आहे, तीही त्याच पानावर ठळक छापावी.

आपला नियमित वाचक,
कोथरूड, पुणे