अल्पबचतदाराच्या उणे व्याजाबद्दल केंद्रीय अर्थमंत्र्यांना खुले पत्र

माननीय केंद्रीय अर्थमंत्री,
स. न. वि. वि.

उणे व्याजदराचा, म्हणजे ठेवलेल्या पैशावर व्याज मिळण्याऐवजी उलट पैसे कापले जाण्याचा, विषय निघाला की आपल्याकडे युरोप आणि जपानची नावे घेतली जातात. युरोपीय मध्यवर्ती बँकेने जून २०१४ मध्ये ठेवदर, म्हणजे बँकांनी तिच्याकडे ठेवलेल्या पैशावरचा दर, शून्याखाली नेला. स्विस नॅशनल बँकेने सात वर्षांहून अधिक काळ उणे पाऊण टक्का दर ठेवला. जपान मार्च २०२४ मध्ये त्यातून बाहेर पडला. आपला रेपो दर, म्हणजे रिझर्व्ह बँक बँकांना ज्या दराने कर्ज देते तो, ४ टक्क्यांच्या खाली कधी गेला नाही, म्हणून हा प्रश्न आपला नव्हे असे धरून चालतात. आमचे म्हणणे वेगळे आहे. ज्याच्या खात्यात थोडीच शिल्लक असते, त्याला मिळणारे व्याज आपल्याकडे आताच शून्याखाली जाऊ शकते.

हिशेब सोपा आहे. जून २०२५ नंतर मोठ्या बँकांनी बचत खात्याचा दर अडीच टक्क्यांवर आणला. वर्षभर सरासरी १०,००० रुपये शिल्लक ठेवणाऱ्याला २५० रुपये व्याज मिळते. १ मे २०२५ पासून एटीएमच्या मोफत मर्यादेनंतरच्या प्रत्येक व्यवहाराला बँक २३ रुपयांपर्यंत शुल्क घेऊ शकते. वर १८ टक्के जीएसटी धरला की २७ रुपये १४ पैसे होतात. महिन्याला एकच व्यवहार जादा झाला तरी वर्षाला ३२५ रुपये ६८ पैसे जातात. व्याज वजा करून ७५ रुपये ६८ पैसे तोटा, म्हणजे उणे पाऊण टक्का. स्विस मध्यवर्ती बँक बँकांकडून घ्यायची तोच दर! तिथे तो बँकांच्या ठरावीक मर्यादेवरील शिलकीला होता. जर्मनीतही बहुतेक बँकांनी बड्या ठेवींनाच हात लावला. आपल्याकडे मात्र शिल्लक जितकी कमी तितका हा दर खोल जातो. ५,००० रुपये शिल्लक असेल, तर याच हिशेबाने तो उणे ४ टक्के होतो.

माणूस जादा वेळा पैसे का काढतो, याचे उत्तर एटीएमच्या पोटात आहे. यंत्रात साधारणपणे चार कॅसेट, म्हणजे नोटा भरायचे खण, असतात आणि एकेका कॅसेटमध्ये दोन ते अडीच हजार नोटा बसतात. ५०० च्या अडीच हजार नोटा म्हणजे साडेबारा लाख रुपये, १०० च्या तेवढ्याच नोटा म्हणजे अडीच लाख. पैसे भरायला येणारी गाडी, तिचा चालक, बंदूकधारी रक्षक यांचा खर्च दोन्ही वेळा तेवढाच. म्हणून भरणारा ५०० ला पसंती देतो. मग ४८० रुपये शिल्लक असलेल्याला यंत्रातून काहीच मिळत नाही, आणि शिल्लक अपुरी म्हणून व्यवहार नाकारला गेला तर अनेक बँका त्याचेही शुल्क लावतात. ज्याला ५०० ची नोट मिळते, त्याला आठवडी बाजारात २० रुपयांची मेथी घेताना मोड कुठून आणायची हा प्रश्न पडतो.

२८ एप्रिल २०२५ च्या परिपत्रकात रिझर्व्ह बँकेने हे दुखणे नेमके ओळखले. किमान एका कॅसेटमधून १०० किंवा २०० च्या नोटा द्यायच्या. ३० सप्टेंबर २०२५ पर्यंत ७५ टक्के आणि ३१ मार्च २०२६ पर्यंत ९० टक्के एटीएममध्ये. आदेश चांगला आहे, पण त्यात एक फट राहते. यंत्र महिन्यात दहा तासांपेक्षा जास्त रिकामे राहिले तर १०,००० रुपये दंड आहे. पण १०० ची कॅसेट सकाळीच संपली आणि ५०० ची भरलेली असली, तर यंत्र रिकामे धरले जात नाही. दंड कॅसेटनिहाय लावा. कोणत्या पिनकोडमध्ये छोट्या नोटा किती तास उपलब्ध होत्या, हे दर तिमाहीला जाहीर करायला लावा. ही माहिती यंत्राच्या नोंदीत असतेच, नव्याने गोळा करावी लागत नाही.

शुल्काबाबत आमची मागणी एकाच ओळीत बसते: बचत खात्यावरचे वर्षभराचे एकूण शुल्क त्या वर्षाच्या व्याजापेक्षा जास्त नसावे. किमान शिलकीच्या दंडामुळे खाते उणे होऊ नये, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहेच. तेच तत्त्व आणखी एक पाऊल पुढे न्यायचे आहे. सरकारी बँकांची मालकी आपल्याकडे आहे. सुरुवात तिथून करता येईल.

मुदत ठेवीची गोष्ट वेगळी, पण वाट तीच. २०२०-२१ मध्ये किरकोळ महागाई सरासरी ६.२ टक्के होती आणि मोठ्या बँकांत एक वर्षाच्या ठेवीला जेमतेम ५ टक्के मिळत होते. लाखाचे १,०५,००० झाले, पण तेवढ्याच वस्तूंना १,०६,२०० लागू लागले. वर त्या ५,००० रुपयांवर कर, जणू तो नफाच होता! घर आणि सोने विकणाऱ्याला वर्षानुवर्षे महागाईची वजावट मिळाली, ठेवीदाराला कधीच नाही. निदान ज्येष्ठ नागरिकांच्या ठेवींवर महागाईइतके व्याज करमुक्त करा.

डिसेंबर २०१३ मध्ये महागाईशी जोडलेले बचत रोखे आले होते. महागाईचा दर अधिक दीड टक्का, मुदत दहा वर्षे, किमान ५,००० रुपये. कल्पना उत्तम होती, पण व्याज साठत जाऊन शेवटी मिळणार होते. निवृत्त माणसाला औषधाचे पैसे दर महिन्याला लागतात, दहा वर्षांनी नाही. विक्रीही तीन-चार महिन्यांतच बंद झाली. तेच रोखे सहामाही व्याजासह, पोस्टाच्या खिडकीवर, बारमाही ठेवा.

हे सगळे होईपर्यंत बचतदाराजवळ एकच बचाव आहे: रोख. कपाटातल्या नोटेवर व्याज नाही, पण शुल्कही नाही. महागाई तिलाही खाते हे खरे, तरी बँकेचा दर फार खाली गेला तर निघून जायचे ठिकाण तेच. युरोपातल्या बँका सामान्य खातेदाराला उणे दर लावताना कचरल्या, त्यामागे हीच भीती होती. नॉर्वेने ऑक्टोबर २०२४ पासून दुकानात रोखीने पैसे देण्याचा ग्राहकाचा हक्क २०,००० क्रोनपर्यंत पक्का केला. आपल्या रिझर्व्ह बँक कायद्याचे कलम २६ नोटेला भारतभर कायदेशीर चलन म्हणते, पण रोख नाकारणाऱ्यावर काय कारवाई, ते सांगत नाही. दवाखाना, शाळेची फी, वीजबिल आणि एसटी एवढ्यांपुरती तरी ती तरतूद हवी.

राहता राहिला ई-रुपया, म्हणजे रिझर्व्ह बँकेची डिजिटल नोट. १ डिसेंबर २०२२ पासून सामान्य ग्राहकांमध्ये त्याची चाचणी चालू आहे. त्यावर व्याज नाही, नोटेसारखाच शून्य दर, हे योग्यच. पण फेब्रुवारी २०२४ मध्ये त्याला वापराची मुदत आणि ठिकाण ठरवून देण्याची सोय जाहीर झाली. मुदत संपली की विरणारा पैसा म्हणजे उणे व्याजच. १९३२ मध्ये ऑस्ट्रियातल्या वोर्गल गावाने काढलेल्या नोटेवर, ती चालू राहावी म्हणून, दर महिन्याला तिच्या किमतीच्या १ टक्क्याचे तिकीट चिकटवावे लागे. त्या पैशातून गावात रस्ते झाले, हातांना काम मिळाले, हे नाकारत नाही. पण तो उघड, छापील नियम होता आणि तिकीट डोळ्यांना दिसत होते. ॲपमधली मुदत तशी दिसणार नाही. सरकारी अनुदान ठरावीक कामासाठी बांधून द्यायचे तर जरूर द्या. पण माणसाच्या कमाईच्या ई-रुपयाला मुदत, कपात किंवा शुल्क कधीही लागणार नाही, असे वाक्य कायद्यात हवे. २०२२ च्या वित्त कायद्याने रिझर्व्ह बँक कायद्यात डिजिटल नोटेसाठी कलम २२अ घातले, त्यालाच ते जोडता येईल.

आपले,
बँक व्यवहार आणि ठेवीदारांच्या प्रश्नांचे अभ्यासक, पुणे