सूचना : नावापुढच्या लेखन-पातळीबाबत

सर्व सभासदांना,

रोलप्लेच्या (आपापलं पात्र घेऊन, एकमेकांना लेखी उत्तरं देत गोष्ट पुढं नेण्याच्या) आपल्या गटात नावापुढे ‘नवशिका’, ‘पारंगत’ लिहिणं आता बंद. ‘पारंगत’ दिसलं की नवीन पोरं त्याच्यासोबत सीन घ्यायला बिचकतात, आणि लांबलचक लिहिणारा उगाच भारी ठरतो. त्याऐवजी एका उत्तराची लांबी लिहा : ‘ओळ’ (४० शब्दांपर्यंत), ‘परिच्छेद’ (४१ ते १५०) किंवा ‘बहुपरिच्छेद’ (त्याहून जास्त). ओळी मोजू नका, मोबाइलगणिक त्या बदलतात. मागची ५ उत्तरं काढा, सर्वांत मोठं आणि सर्वांत छोटं सोडा, उरलेल्या ३ वरून खूण ठरवा.

लांबीपुढे वेग लिहा : ‘रोज’, ‘आठवडी’ किंवा ‘जमेल तसं’. कापूस वेचणीत वेग खुशाल कमी करा, पण खूणही बदला. नाहीतर जोडीदार वाट पाहत बसतो आणि सीन तिथंच मरतो.

वऱ्हाडी किंवा झाडीबोलीतल्या संवादाला अशुद्ध म्हणून कोणी हिणवू नये. निवेदन प्रमाण मराठीत आणि पात्र ‘काहून बे?’ म्हणत असेल, तर ते बरोबरच आहे.

खरी भांडणं लांबीवरून होतच नाहीत. दुसऱ्याच्या पात्राच्या तोंडी वाक्य घातलं, त्याला न विचारता जखमी केलं, की होतात. आपलं पात्र काठी उगारेल. ती लागली की हुकली, हे समोरचा लिहील. हे कोणत्याच खुणेतून कळत नाही, म्हणून नवीन सभासदानं सीन मागण्याआधी नमुन्याचं एक उत्तर पाठवावं.

जुन्या खुणा येत्या रविवारपर्यंत बदला.

– गटप्रमुख