आई-बाबा, पाण्यावर पाणी का लागतं ते सांगते

ती. आई-बाबा,
सा. न.

बाबा, परवा फोनवर तुम्ही विचारलंत की विंडसर्फिंग करत तासन् तास पाण्यातच असतेस तर बाटली कशाला नेतेस, आणि आई मागून हसायला लागली, मग तो विषय आईच्या पापडांवर गेला आणि राहूनच गेला. म्हटलं लिहूनच काढते. इथला उन्हाळा संपत आलाय आणि तुमचा भुसावळचा आता सुरू होतोय, त्यामुळे मला तुम्हालाही काही सांगायचंय, आणि फोनवर तुम्ही दोघं "हो हो" म्हणून पुढे जाता हे मला माहितीये.

तर इथे ऑस्ट्रेलियात, पर्थला, विंडसर्फिंग, म्हणजे शीड लावलेल्या फळीवर उभं राहून वाऱ्याने पाण्यावर पळणं, हे दुपारचं काम. सकाळी वाळवंटाकडून, म्हणजे पूर्वेकडून, कोरडा गरम वारा असतो, तो कसा असतो ते भुसावळकरांना मी काय सांगणार. मग जमीन तापते, तिच्यावरची हवा हलकी होऊन वर जाते आणि दुपारी समुद्रावरचा गार वारा नैऋत्येकडून आत शिरतो. तो फ्रीमँटल बंदराच्या बाजूने येतो आणि सगळ्या शहराला बरं वाटायला लावतो म्हणून त्याचं नावच फ्रीमँटल डॉक्टर. चांगला आला की ताशी तीस-पस्तीस किलोमीटरने वाहतो, आणि मग आम्ही सगळे स्वान नदीवर पेलिकन पॉइंटला पळतो. नाव नदीचं असलं तरी समुद्र जवळच आहे, उन्हाळ्यात तिथलं पाणी खारंच असतं.

आता गंमत बघा, पाण्यात पाय घालायच्या आधीच अर्धं पाणी गेलेलं असतं (शरीरातलं!). गवतावर सेल (शीड) पसरायचं, त्यात मास्ट (उभा खांब) घालायचा, बूम (हाताने धरायची आडवी दांडी) लावायची, मग खालची दोरी पाय रोवून ओढायची, आणि हे सगळं भर उन्हात, डॉक्टर अजून पोचायचा असतो तेव्हा. वर कोणी वेटसूट (अंगाला घट्ट बसणारा रबरी पोशाख) घालून हे करत असेल तर आतून नुसती घामाची अंघोळ. म्हणून मी घरूनच थोडं थोडं पीत निघते आणि सेल लावून झाली की सावलीत बसून परत पिते. एकदम लोटाभर घशाखाली ओतून निघालं तर पोटात डुचमळतं आणि ते बोर्डावर अजिबात चालत नाही.

आणि पाण्यावर गेलं की घाम कळतच नाही, खरी भानगड तिथे आहे. बाबा, तुमची गार्डच्या डब्यातली ती कॅनव्हासची छागळ आठवते ना, बाहेर वाऱ्याला टांगलेली, पाणी कसं थंडगार असायचं आणि कोणी प्यायलं नाही तरी उतरायला लागेपर्यंत बरंच कमी झालेलं असायचं. कापडातून पाझरलेलं पाणी वारा उडवून नेतो आणि जाताना उष्णता घेऊन जातो, म्हणून आत गार. बोर्डावर उभ्या माणसाचं तंतोतंत तेच होतं. अंगावर वारा, वर पाण्याचे तुषार, मस्त गार वाटतं, घाम आल्या आल्या वाळून जातो, आणि गार वाटतंय म्हणजे सगळं ठीक आहे असं डोकं समजतं. मुंबईत कसं घामाने शर्ट चिकटतो म्हणून माणूस आपणहून पाणी मागतो, इथे तसा निरोपच येत नाही. (तशी छागळ इथेही होती बरं का, जुन्या फोटोंमध्ये आतल्या वाळवंटी भागात जाणाऱ्या गाड्यांना पुढे टांगलेली दिसते, बघितल्यावर तुमचीच आठवण आली.)

दुसरं एक कारण जरा आईला आवडणार नाही. गळ्यापर्यंत पाण्यात बुडालं की बाहेरच्या पाण्याच्या दाबाने हातापायातलं रक्त छातीकडे सरकतं, मग शरीराला वाटतं पाणी जास्त झालंय, आणि मूत्रपिंडं ते बाहेर टाकायला लागतात. पाणी गार असेल तर अजूनच. चांगले सर्फर बोर्डावर उभेच असतात त्यांना हे कमी, पण शिकणारे दर पाच मिनिटाला धपकन पडतात आणि बराच वेळ पाण्यातच काढतात. मग लघवीला जायचं तर तो वेटसूट सोलून काढायचा कंटाळा म्हणून लोक पाणीच कमी पितात, आणि काही लोक काढतच नाहीत, आतच... जाऊ दे, आई शी म्हणेल.

खारं पाणी तोंडात जातं ते वेगळंच. समुद्राच्या एका लिटरमध्ये साधारण ३५ ग्रॅम मीठ असतं, आणि आपली मूत्रपिंडं इतकी खारट लघवी करू शकत नाहीत, म्हणजे एक लिटर समुद्र प्यायला तर त्यातलं मीठ बाहेर काढायला एक लिटरपेक्षा जास्त पाणी खर्च. चुकून दोन घोट गेले तर काही होत नाही बाबा, पण तहान भागवायला ते शून्य उपयोगाचं, उलट वाढवतं.

किती प्यायचं याचा सगळ्यांना एकच आकडा लावता येत नाही. मी काय करते, जायच्या आधी आणि आल्यावर अंग पुसून वजन बघते. तासा-दोन तासात एक किलो कमी झालं तर ती चरबी नसते, साधारण लिटरभर पाणी गेलेलं असतं. शरीराच्या वजनाच्या दोनेक टक्के पाणी गेलं की दम लवकर लागतो, साठ किलोच्या माणसाला म्हणजे सव्वा लिटरच्या आसपास, आणि उन्हात तेवढं सहज जातं. नुसती दमणूक असती तर चाललं असतं, पण सेल पाण्यातून उचलायला ताकद लागते, आणि दमलेला माणूस वाऱ्याबरोबर वाहत जातो, निघालेल्या जागी परत येता येत नाही. म्हणून मी मधे मधे काठावर येऊन पिते. लांब जाणारे पाठीवर पाण्याची पिशवी बांधतात, तिची नळी खांद्यावरून तोंडाजवळ, बूम न सोडता चोखायची. इथून उत्तरेला लॅन्सलिनला जानेवारीत मोठी शर्यत होते, लेज पॉइंटपासून साधारण २५ किलोमीटर, तिथे ती पिशवी कामाची. मला नदीवर ती लोढणं वाटते. हातात गोळे आले की लगेच "पाणी कमी पडलं" म्हणणाऱ्यांवर पण माझा फार विश्वास नाही, निम्म्या वेळा बूम जीव खाऊन धरल्याने हात भरलेले असतात.

आणि उलटंही होतं हां. घामातून मीठ पण जातं, आणि वरून नुसतं पाणीच ढोसत राहिलं तर रक्तातलं सोडियम पातळ होतं. २००२ च्या बोस्टन मॅरेथॉनमध्ये ४८८ जणांचं रक्त तपासलं होतं, त्यातल्या १३ टक्के लोकांचं सोडियम कमी निघालं, आणि शर्यतीत वजन वाढलेले, म्हणजे गेलं त्यापेक्षा जास्त प्यायलेले, त्यात पुढे होते. त्यामुळे जास्त वेळ असेन तर मी आपली जलसंजीवनी नेते, लिटरभर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, वर लिंबू. दुकानातली निळी-हिरवी स्पोर्ट्स ड्रिंक मला फार गोड लागतात. बाबा तुम्हाला १९७१ चे बांगलादेशातून आलेले निर्वासितांचे लोंढे आठवत असतील, तेव्हा पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या छावणीत कॉलरा पसरला आणि सलाईनच्या बाटल्या संपायला आल्या तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी हेच मीठ-साखरेचं पाणी पिंपात कालवून लोकांना पाजलं आणि हजारो जीव वाचले. आतड्यात साखर आत जाताना मिठाला बरोबर घेऊन जाते आणि त्यांच्या मागे पाणी जातं, एवढंच त्याचं गुपित. २०२३ ला त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण मिळालं, फारच उशिरा असं माझं मत.

आता तुमचं. मला वाऱ्यामुळे कळत नाही, तुम्हाला वयामुळे कळत नाही. सत्तरीकडे गेलं की तहान लागल्याची जाणीवच मंद होते, मूत्रपिंडांनाही पाणी पूर्वीइतकं राखता येत नाही, त्यामुळे "तहान लागली की पितो की" हे बाबांचं उत्तर आता चालायचं नाही. त्यात कूलरसमोर बसलं की गार वाटतं आणि भुसावळच्या कोरड्या हवेत घाम दिसत नाही. आई, तू संध्याकाळनंतर पाणी बंद करतेस ते रात्री उठताना गुडघा दुखतो म्हणून, मला माहितीये, तू सांगत नाहीस. मग दिवसाचं पाणी पुढे ओढ ना, सकाळी उठल्यावर, अकराला, जेवताना, दुपारी झोपून उठल्यावर, आणि संध्याकाळी बेताने. आणि पलंगापासून बाथरूमपर्यंत भिंतीला धरायला दांडी बसवून घ्या, त्याचे पैसे मी पाठवते, वाद नको.

माझ्या पाण्याची नक्कल मात्र करू नका. बाबांच्या बीपीच्या गोळ्यांमध्ये एक लघवीची गोळी आहे, तिने पाणी आणि मीठ दोन्ही जातं, पण म्हणून पन्ह्यात आणि ताकात चमचाभर मीठ टाकायचं नाही, बीपीला ते नको. उन्हाळ्यात त्या गोळीचा डोस तोच ठेवायचा का आणि दिवसाला पाणी किती, हे डॉक्टरांनाच विचारा, स्वतःच्या मनाने गोळी बंद करायची नाही. लघवी गडद पिवळी दिसली, उठल्यावर चक्कर आली, किंवा दोघांपैकी कोणी असंबद्ध बोलायला लागलं तर उन्हाचं आहे, होईल बरं म्हणून झोपून राहू नका, लगेच शेजाऱ्यांना हाक मारा आणि दवाखान्यात जा. (बाबा, बी-कॉम्प्लेक्स घेतल्यावर पिवळी होतेच, त्याला घाबरू नका.)

पुढच्या तपासणीला जाल तेव्हा गोळ्यांची पाकिटं बरोबर न्या आणि डॉक्टर काय म्हणाले ते व्हॉट्सअॅपवर व्हॉइस मेसेज करा, टाइप करत बसू नका. रविवारी फोन करते, इथले सात वाजले की तुमचे साडेचार, तेव्हा चहाला बसलेले असाल. आई, पापड पाठवू नकोस, इथे कस्टमवाले पार्सल उघडून बघतात, मी दिवाळीत आले की घेऊन जाईन.

तुमची,
मनू