गिरिपुष्प आणि रानमोडी एकाच दावणीला बांधू नका

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

कालच्या अंकातला परदेशी झाडांवरचा लेख दोनदा वाचला आणि तेव्हापासून डोकं शांत नाही म्हणून लिहितेय. जलपर्णी, घाणेरी, रानमोडी, सुरू, गिरिपुष्प सगळ्यांना तुम्ही एकाच दावणीला बांधलंत आणि वर ‘उपटून टाका’ म्हणालात. कोण उपटतं आणि नंतर काय होतं ते आमच्याकडे येऊन बघा.

गेल्या वर्षी मे महिन्यात आमच्या गावात अशीच मोहीम आली. मुलं चांगली होती, उन्हात राबली, त्यांच्याबद्दल तक्रार नाही. पण आम्ही लग्नाला गेलो होतो तेवढ्यात रस्त्याकडची आमची गिरिपुष्पाची अख्खी वई, म्हणजे जिवंत कुंपण, त्यांनी कुदळीने मुळासकट काढली, विचारलं कोणाला नाही, कारण यादीत नाव होतं. समोरच्या पडीक जागेत पुरुषभर उंच रानमोडी माजलेली, तिला हात नाही, कारण मे महिन्यात ती वाळलेली असते, फूल नाही, ओळखणार कशी? डिसेंबरात तिचं म्हातारीसारखं बी वाऱ्यावर उडालं आणि आता आमच्या कलमांखाली तीच उगवलीय. गुरं तिला तोंड लावत नाहीत, आणि उन्हाळ्यात वणवा लागला की तीच आधी पेटते.

वई गेल्यावर जूनमध्ये उनाड गुरं थेट दाढीत, म्हणजे भाताची रोपं वाढवतो त्या वाफ्यात. निम्मी रोपं एका रात्रीत खाल्ली, शेजाऱ्यांकडून मागून लावणी केली.

गिरिपुष्प मेक्सिकोकडचं, हे मलाही माहीत आहे. सासूबाई त्याला उंदीरमारी म्हणतात. त्या सांगतात, पूर्वी राबासाठी, म्हणजे दाढीची जमीन भाजायला, दरवर्षी ऐन-किंजळीवर चढून कवळ (पाल्याच्या फांद्या) तोडायचं, डोक्यावर भारे आणायचे, झाडं पार बोडकी व्हायची. आता आम्ही वईचाच पाला छाटतो, चिखलणीच्या आधी शेतात पसरून गाडतो, आठ-दहा दिवसांत तो कुजतो, युरियाची एक गोण तरी वाचते. आमच्या वरच्या अंगाचे ऐन आता डेरेदार झालेत ते या परदेशी झाडामुळे. हे लेखात एका ओळीत तरी यायला हवं होतं.

सुरूच्या झाडाबद्दल निम्मं पटलं. १८६८ साली तो कारवारकडे जळणासाठी लावला आणि मग किनाऱ्याकिनाऱ्याने पसरला. कासवं जिथे वर चढून अंडी घालतात त्या वाळूत तो नकोच, मुळांच्या जाळ्यात कासविणीने खड्डा कुठे काढायचा? तिथली नवी रोपं काढा, मी स्वतः येईन. पण ३ जून २०२०ला निसर्ग वादळ आलं तेव्हा आमच्या वाडीपुढच्या सुरूच्या पहिल्या दोन ओळी मोडून पडल्या आणि त्यांच्या आडोशाच्या पोफळी निम्म्या तरी उभ्या राहिल्या, उघड्या बाजूची एकही उरली नाही. ते बन काढायचं असेल तर आधी मागे उंडी, करंज, केवडा लावा, ते मोठे होऊ देत, मग कुऱ्हाड आणा.

आणि करंजावरून आठवलं. लेखासोबत ‘गिरिपुष्प’ म्हणून जो फोटो छापलाय तो करंजाचा आहे. गिरिपुष्प फुलतं तेव्हा फांदीवर पान जवळजवळ नसतं, फोटोत चकचकीत हिरवी पानं दिसतायत. तुम्ही दर आठवड्याचं शेतीचं पान बंद केलंत, त्यावर लिहिणारा कोणी असता तर ही चूक त्याने तिथेच पकडली असती. ते पान परत सुरू करा, आम्ही पेपर त्यासाठी घेत होतो.

या पावसात मी वईचे चाळीस खुंट पुन्हा लावलेत, तीसेक जगलेत. फोटोची दुरुस्ती मात्र उद्याच्या अंकात छापा. आमच्या खाडीकाठी करंज भरपूर आहेत आणि मोहीमवाले तुमचा पेपर वाचतात.

आपली,
एक वाचक, ता. दापोली